पाठीवरचं चित्र

अंगातून उतरवलेला कपडा भिंतीवर लावला की बहुधा बिचारा दिसतो. संग्रहालयात काचेआडचे अंगरखे पाहताना मनात येतंच, की यांचा धनी गेला आणि हे मागे राहिले. जपानी किमोनोवर ही वेळ येत नाही. दोन्ही बाह्यांतून एक दांडी घातली, मोठ्या फ्रेममध्ये बसवला, की तो हक्काच्या जागी आल्यासारखा वाटतो. अंगावर होता तेव्हा जरा अवघडलाच असावा, अशी शंका यावी इतका.

याचं कारण शिंप्याला विचारावं. आपल्या ब्लाउजला मुंढा असतो, टक्स असतात, गळ्याला गोलाई असते. आतलं माणूस काढून घेतलं की त्या कापडाला काय करावं सुचत नाही. किमोनोत गोलाईचं काम फारसं नाहीच. साधारण ३६ ते ३८ सेंटिमीटर पन्ह्याचा, १२ मीटरच्या आसपास लांब असा एक तागा. त्याचे सरळ रेषेत कापलेले आठ लांबट तुकडे आणि ते जोडणारा हाताचा धावदोरा. जादा कापड कापून टाकत नाहीत, शिवणीत दुमडून ठेवतात. पूर्वी रेशमी किमोनो नीट धुवायचा म्हणजे आधी उसवायचा. तुकडे एकमेकांना टाचून पुन्हा सलग पट्टी करायची, धुऊन ताणून वाळवायची, मग परत शिवायला घ्यायचं. म्हणजे मनात आणलं की तो पुन्हा तागा होऊ शकतो. आणि नेसवताना तर गंमतच. कंबरेचा खोलगटपणा टॉवेल गुंडाळून भरून काढतात, म्हणजे कापड सरळ पडावं. इथे अंगालाच कपड्याच्या मापाचं व्हावं लागतं!

आता चित्र कुठे? मुख्यतः पाठीवर. बगळे, पाइन, नदीचं वळण, सगळं पाठीवरून खाली उतरत घेरापर्यंत येतं. नेसणारीला ते दिसत नाही. लग्नाच्या मांडवात पैठणीच्या पदरावरचे मोर मागच्या रांगेतल्या बायकांनाच दिसतात, तसंच हे. आपल्याकडे हल्ली आजीच्या विरलेल्या पैठणीचा पदर फ्रेम करून हॉलमध्ये लावतात. तिनं तो आयुष्यभर मिरवला. समोर बसून निवांत बघायला मिळतो तो नातवंडांना.

जपानी चित्रकारांना ही पाठीची गोष्ट पक्की ठाऊक होती. हिशिकावा मोरोनोबूनं सतराव्या शतकाच्या अखेरीस रंगवलेली, चालता चालता मागे वळून पाहणारी बाई प्रसिद्ध आहे. १९४८ साली जपाननं तिचं टपाल तिकीटही काढलं. चेहरा दिसतो तो एका बाजूनं, जेमतेम. चित्र व्यापलंय लाल किमोनोच्या पाठीनं. ती वळली आहे ती आपल्यासाठी की किमोनोसाठी, हे ज्यानं त्यानं ठरवावं. १६६०च्या दशकात नमुन्यांची छापील पुस्तकंही निघू लागली होती. पानावर किमोनोची नुसती बाह्यरेषा, पाठीकडून, बाह्या पसरलेली, आणि आत नक्षी. गिऱ्हाइकानं पानं उलटावीत आणि एकावर बोट ठेवावं. फ्रेम तेव्हापासूनच तयार होती म्हणायची.

त्याही आधीपासून घडीच्या पडद्यांवर, म्हणजे जमिनीवर उभ्या करायच्या चौकटींच्या आडोशांवर, नुसते कपडे रंगवायची रीत होती. सोनेरी पार्श्वभूमी, लाकडी दांडी, तिच्यावर टाकलेले किमोनो. बाई कुठेच नाही. क्योतोचे संग्राहक नोमुरा शोजिरो (१८७९–१९४३) यांनी हीच रीत उचलली आणि रंगाऐवजी खरं कापड वापरलं. त्यांच्याकडे जुन्या किमोनोंचे असंख्य तुकडे होते. गेलेल्या माणसाचे कपडे देवळाला द्यायची तिकडे पद्धत होती. त्यांची वेदीवरची आच्छादनं, पताका होत आणि मूळ किमोनो तुकड्या-तुकड्यांत उरे. नोमुरांनी हे तुकडे दोन पाखांच्या पडद्यांवर असे चिकटवले, की अख्खा किमोनो दांडीवर टाकल्यासारखा वाटावा. जिथे कापड अपुरं तिथे बाही दांडीपलीकडे गेलेली, किंवा एक बाजू पडद्याच्या कडेला संपलेली. काय नाही ते कळूच नये. असे शंभराच्या घरातले पडदे आज चिबा प्रांतात साकुरा इथल्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहेत. किमोनो भिंतीवर लावण्याची याहून हुशार तऱ्हा मला माहीत नाही.

त्यामानानं ऑनलाइन मिळणाऱ्या फ्रेमांचं काय सांगावं! चेरीची फुलं, छत्री, पांढऱ्या चेहऱ्याची तरुणी आणि सगळ्यात शेवटी किमोनो. तरी एक गोष्ट जरूर तपासावी: नेसणारीची डावी बाजू उजवीवर हवी. उलटं नेसवतात ते मृतदेहाला. चित्र छापताना आरशासारखं फिरलं, तर आपण सोफ्यामागे एक सजवलेलं प्रेत टांगलेलं असतं आणि पाहुणे ‘किती छान रंग’ म्हणत चहा पीत असतात.

खरा किमोनो लावायचा तर भिंत मोठी लागते. बाह्या पसरल्या की रुंदी सहज सव्वा मीटरच्या पुढे, उंची दीड मीटरच्या वर. आपल्या फ्लॅटमध्ये एवढी जागा टीव्हीनं आधीच बळकावलेली. शिवाय रेशमाला ऊन सोसत नाही. खिडकीसमोर लावाल तर काही वर्षांत बगळ्यांचा रंग विटतो. म्हणून मला तान्ह्या बाळाचा किमोनो फ्रेमसाठी सर्वांत योग्य वाटतो. आकार बेताचा, आणि त्याच्या पाठीवर बघण्यासारखं एक नाजूक काम असतं. मोठ्यांच्या किमोनोला पाठीच्या मधोमध शिवण असते आणि ती मागून येणाऱ्या वाईटावर लक्ष ठेवते अशी समजूत. बाळाची पाठ एका पन्ह्यात मावते, मग शिवण येणार कुठून? म्हणून आया मानेखाली मुद्दाम चार टाके घालत, कधी नुसती टाक्यांची रेघ, कधी रंगीत दोऱ्याचं छोटं फूल किंवा पक्षी. दृष्टीची तीट गालावर लावणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुरुषांचं प्रकरण आणखी मजेदार. किमोनोवर घालायचा अंगरखा, हाओरी, बाहेरून साधा काळा किंवा करडा. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, सरकार व्यापाऱ्यांच्या थाटमाटावर वारंवार बंदी घाली. १६८३च्या फर्मानात भरतकाम आणि सर्वांगी बांधणीसुद्धा सापडली होती. पैसा हाती आणि मिरवायची सोय नाही, म्हटल्यावर शौकिनांनी तो अस्तरात घातला. आतल्या बाजूला डोंगर, वाघ, ससाणे, कधी थेट चित्रकाराकडून काढून घेतलेलं चित्र. अंगरखा काढताना क्षणभर दिसलं ते दिसलं, तेही ज्याला दाखवायचं त्यालाच.

ही वस्तू फ्रेम करणाऱ्यासमोर पेच असतो. सरळ लावली तर सगळं वैभव भिंतीकडे तोंड करून बसणार. संग्रहालयं बरेचदा अस्तर बाहेर काढून लावतात. माझ्या हाती कधी एखादा हाओरी लागला तर मीही तसाच लावणार आहे. येणारा प्रत्येक जण ‘अहो, हा उलटा लागलाय’ म्हणेल. म्हणू दे, बापडा.