निळी कुरणं, कुसळं आणि तीस अँपिअर

ऑस्टिनहून २९० नंबरच्या रस्त्याने पश्चिमेला निघालं की जॉन्सन सिटीच्या आसपास कडेची कुरणं निळी व्हायला लागतात. मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य, हा ब्लूबॉनेट या निळ्या रानफुलांचा बहर. दोन कुत्री आणि आरव्ही (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन आम्ही चार दिवस टेक्ससच्या या हिल कंट्रीत होतो. फुलांचे फोटो सगळेच टाकतात, मला लिहायचंय ते दुपारच्या विजेबद्दल.

कॅम्पग्राउंडच्या खांबावरचं तीस अँपिअरचं कनेक्शन म्हणजे १२० व्होल्टवर ३६०० वॅट, बस. छतावरचा एसी एकटाच १३ ते १५ अँपिअर खातो. गीझर विजेवर असेल तर त्याचे बारा. त्यात कुणी चहासाठी मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडलाच. म्हणून गीझर गॅसवर ठेवा. प्लग लावताना खांबावरचा ब्रेकर आधी बंद करा, आणि सॉकेट सैल किंवा काळवंडलेलं दिसलं तर सरळ दुसरी जागा मागा. सैल सॉकेट तापतं आणि प्लग वितळतो.

खरी फसगत मात्र ब्रेकर न पडताही होते. दुपारी दोनला सगळ्यांचे एसी सुरू झाले की जुन्या वायरिंगच्या कॅम्पग्राउंडवर व्होल्टेज घसरतं. १०४ च्या खाली गेलं की आमचा ईएमएस (व्होल्टेजवर लक्ष ठेवणारं संरक्षक यंत्र) एसीचा कॉम्प्रेसर वाचवायला वीज तोडतो. त्याचं काम तो चोख करतो, पण आत कुत्री कोंडलेली असतील तर? मीटरवर १०३ दिसलं तेव्हा दोन्ही कुत्री बाहेर सावलीत आमच्या पायाशी होती, म्हणून निभावलं. बाहेर जेमतेम २१ अंश असताना बंद मोटारीत अर्ध्या तासात ४० अंश होतात. आरव्हीच्या भिंती जाड आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. आतलं तापमान कळवणारं यंत्र घ्याल तर स्वतःचं सिम आणि बॅटरी असलेलंच घ्या. वीज गेली की वाय-फायचा राउटरही जातो. अलार्म २७ अंशांवर लावा. तरी या टेकड्यांमध्ये सिग्नल कुठेही दगा देतो, त्यामुळे एकाने कुत्र्यांजवळ थांबायचंच, हे माझं ठाम मत आहे.

विलो सिटी लूपचा २१ किलोमीटरचा अरुंद रस्ता मोठ्या आरव्हीसाठी नाहीच. दोन्ही बाजूंना खासगी कुरणं, वाटेत मोकळी गुरं. आम्ही तो सोडला. एन्चँटेड रॉक या खडकाळ टेकडीच्या उद्यानात आरव्हीत मुक्काम करता येत नाही आणि शिखराच्या वाटेवर कुत्र्यांना बंदी आहे.

फुलांत कुत्रा बसवून फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो. त्याच गवतात फायर अँट या डंख मारणाऱ्या मुंग्यांची वारुळं, गोचिडी, क्वचित रॅटलस्नेक आणि एप्रिलमध्ये पिकणारं स्पिअरग्रास असतं. आपल्या घाटातल्या कुसळीसारखंच ते. टोक सुईसारखं, त्यावर उलटे केस, त्यामुळे एकदा रुतलं की पुढेच सरकतं. कुत्रा एकच पंजा चाटत बसला, सारखं डोकं झटकू लागला किंवा अचानक शिंकांवर शिंका देऊ लागला तर आधी कुसळच शोधा. प्रवासाला निघण्यापूर्वीच कुत्र्याच्या बोटांमधले केस कातरून घ्या. आरव्हीची पायरी चढण्याआधी बोटांच्या बेचक्या, काखा, कानांच्या पाळ्या बोटांनी चाचपा. वर दिसत असेल तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून, ज्या वाटेने शिरलं त्याच रेषेत सावकाश मागे बाहेर ओढा. आत तुटलं किंवा कानात खोल गेलं असेल तर चिमटा खाली ठेवा आणि व्हेटकडे निघा.