धनुष्य ओढलंत का?

सरांच्या फाइलमध्ये पाचव्या महिन्याच्या पानावर माझ्या हाताने लिहिलेलं एक वाक्य आहे: ‘रुग्ण सूचना पाळत नाही.’ ते मी अजून खोडलेलं नाही. खोडावं की खाली आजची तारीख घालून दुसरं लिहावं, हे ठरत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मी साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट आहे. एकोणीस वर्षं झाली. गुडघे सगळ्यात जास्त येतात, मग कंबर, मग खांदे. सांधा बदललेला खांदा वर्षाला फार तर चार-पाच. आणि तिरंदाजाचा बदललेला खांदा एकोणीस वर्षांत हा एकच.

सरांचं वय त्रेसष्ट. शाळेत पीटी शिकवायचे, आता निवृत्त. बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड खेळत त्यांनी सुरुवात केली, पुढे रिकर्व्हवर, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्यावर, आले आणि मग कितीतरी वर्षं पोरांना शिकवत राहिले. २०२३ मध्ये साताऱ्यात तयार झालेले अदिती स्वामी आणि ओजस देवतळे बर्लिनला जगज्जेते झाले, तेव्हापासून गावातला प्रत्येक तिसरा बाप पोराला धनुष्य घेऊन द्यायच्या विचारात असतो, असं सर सांगतात. त्यांच्याकडेही पोरं वाढली. पण नेमका तेव्हाच उजवा खांदा बोलायला लागला. सर उजव्या हाताने दोरी ओढतात. त्यांचं धनुष्य ४४ पाउंडांचं, म्हणजे दोरी पुरी ओढायला तेवढा जोर लागतो. दिवसाला शंभर बाण धरले तर ४,४०० पाउंड, म्हणजे जवळपास दोन हजार किलो वजन तो एक खांदा रोज ओढत होता. रिकर्व्हमध्ये कंपाउंड नावाच्या धनुष्यासारखी चाकांची मदत नसते. दोरी हनुवटीपाशी आली की सगळं वजन बोटांवर आणि खांद्यावर येतं, आणि क्लिकर, म्हणजे ताण पुरा झाला की टक् करणारी पट्टी, वाजेपर्यंत ते तसंच पेलून धरावं लागतं.

शेवटी सांध्यातली गादी संपली आणि हाडावर हाड घासू लागलं. रात्री त्या कुशीवर झोपता येईना, सदऱ्याच्या बाहीत हात जाईना. गेल्या जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली.

खांदा दोन तऱ्हांनी बदलतात आणि हे लोकांना माहीत नसतं. खांद्याभोवतीचे स्नायू धड असतील, तर निसर्गाने ठेवलंय तसंच ठेवतात: दंडाच्या हाडावर धातूचा गोळा आणि फऱ्याच्या, म्हणजे पाठीकडच्या चपट्या हाडाच्या, बाजूला प्लास्टिकची वाटी. स्नायू फाटून गेले असतील, तर उलटं करतात, गोळा फऱ्यावर आणि वाटी दंडावर. सरांचे स्नायू चांगले होते, म्हणून त्यांचा सांधा सुलट्या पद्धतीचा. पण त्यासाठी आत शिरताना पुढचा एक स्नायू हाडापासून सोडवावा लागतो आणि शेवटी परत शिवावा लागतो. त्याचं नाव सबस्कॅप्युलरिस. फऱ्याच्या आतल्या बाजूने निघून तो खांद्याच्या पुढून दंडाला येऊन मिळतो. नवीन गोळा पुढे सटकू नये म्हणून दाराला कडी असावी, तसा तो असतो. पहिले सहा आठवडे आमचं सगळं लक्ष त्या शिवणीवर असतं. हात बाहेर फिरवायचा नाही. खुर्चीतून उठताना त्या हाताने रेटा द्यायचा नाही. उताणं झोपलं तर कोपराखाली उशी ठेवायची, म्हणजे कोपर अंगाच्या मागे जाणार नाही.

ही उशीची गोष्ट मी सरांच्या घरी जाऊन काकूंना दाखवली होती. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर ती नव्हती. त्या कागदाबद्दल मला बोलायचंच आहे. झेरॉक्सची झेरॉक्स, माणसांच्या आकृत्या पुसट, आणि खाली ‘हळूहळू नेहमीची कामे सुरू करावीत’ एवढी एक ओळ. नेहमीची कामं म्हणजे कुणाची? शिंप्याची, गवंड्याची, की पोळ्या लाटणाऱ्या बाईची? ज्या सर्जननी इतक्या सुरेख हाताने सांधा बसवला, त्यांच्याकडे हा प्रश्न विचारायला तीन मिनिटं नव्हती. ‘धनुष्यबाण? आता नातवंडांना शिकवा,’ एवढं बोलून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. सर ते वाक्य मला चार वेळा सांगून गेले.

माझ्याजवळच्या पुस्तकांतही मदत नव्हती. खांदा बदलल्यावर गोल्फ कधी खेळावं, पोहावं कधी, टेनिसचं काय, हे लिहिलेलं सापडतं. तिरंदाजीचं पान नाही. मग मी ते स्वतः तयार केलं, आणि त्याचा मला अभिमान आहे. सरांकडून दोरी ओढण्याची क्रिया तुकड्यातुकड्याने समजून घेतली. हात उचलणं, ताणणं, हनुवटीखाली टेकवणं, धरणं, सोडणं. माझी भीती शेवटच्या टप्प्याची होती. चांगल्या तिरंदाजाचं कोपर बाणाच्या रेषेत येतं, किंचित रेषेच्या मागेही जातं. ज्या कोपराला मी उशी लावून मागे जाऊ दिलं नव्हतं, तेच कोपर वजनासकट मागे न्यायचं होतं.

त्यावर उपाय फऱ्यात होता. फरा मणक्याकडे आधी सरकला, तर कोपर आपसूक मागे येतं आणि गोळा वाटीच्या मधोमध राहतो. फरा आळशी राहिला आणि माणसाने नुसत्या दंडाने ओढलं, तर गोळा पुढे ढकलला जातो आणि ताण शिवणीवर येतो. शिवाय वाटीची एकच कड दबत राहते. कुंपणाचा खांब एकाच बाजूने रोज हलवला की मुळातून सैल होतो, तसं त्या वाटीचं होतं. म्हणून तीन महिने आम्ही धनुष्याचं नावही काढलं नाही. आधी आरशासमोर रिकाम्या हाताने फरे जवळ आणणं, बारा आठवड्यांनंतर पिवळा थेराबँड, म्हणजे ताणायची रबरी पट्टी, मग लाल. खांदा कानाकडे चढला की मोजणी पुन्हा एकपासून. आमच्या धंद्यात बरेच जण वीस मिनिटं शेक, दहा मिनिटं मशीनचा करंट आणि बिल, एवढ्यावर भागवतात. मला त्याची चीड आहे. खांदा मशीनवर सुधारत नाही, तो मोजणीवर सुधारतो.

चौथ्या महिन्यापर्यंत सगळं तक्त्याप्रमाणे चाललं होतं. दिवाळीनंतर सर आले ते खांद्याच्या पुढच्या बाजूला तळवा धरूनच. मी त्यांना तळवा पोटावर दाबायला सांगितला. ही सबस्कॅप्युलरिसची साधी परीक्षा आहे. स्नायू नीट असेल तर कोपर पुढे राहतं. सरांचं कोपर मागे घसरलं. महिनाभरापूर्वी ते घसरत नव्हतं.

‘सर, धनुष्य ओढलंत का?’

‘नाही मॅडम.’

‘पोरांचं हलकं धनुष्य? एकदा करून बघू म्हणून?’

‘पालीच्या खंडोबाची शपथ. दोरीला बोट लावलं नाही.’

मी मान हलवली आणि विश्वास ठेवला नाही. तीस वर्षं बाण मारणारा माणूस दिवाळीच्या सुट्टीत, पोरांचं शिबिर चालू असताना, ग्राउंडवर जाऊन नुसता खुर्चीवर बसेल? काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘रोज सकाळी जातात, पण बसून शिकवतात म्हणाले.’ मला तेवढं पुरलं. फाइलमध्ये ते वाक्य लिहिलं. सोनोग्राफी करायला लावली. शिवण शाबूत होती, स्नायू दुखावला होता. व्यायाम मागे नेले आणि सरांना सगळ्यांसमोर, शेजारच्या पलंगावर दोन पेशंट असताना, बरंच बोलले. सर खाली बघत ऐकून घेत होते. ते मला आता जास्त आठवतं.

पुढच्या दीड महिन्यात दुखणं उतरलं. माझ्या बोलण्याचा गुण आला असं मी धरून चालले.

फेब्रुवारीत, आठव्या महिन्यात, धनुष्य हातात द्यायचा दिवस ठरला. ही एक गोष्ट मी बरोबर केली: पहिला बाण माझ्या डोळ्यांसमोरच मारायचा, असं सांगितलं. सकाळी साडेसहाला ग्राउंडवर पोचले. गवतावर दव, अजिंक्यताऱ्यावर धुकं, आणि पंधरा-सोळा पोरं आधीच दोऱ्या चढवत होती. सरांसाठी १६ पाउंडांचं, नवशिक्या पोरांचं धनुष्य काढलं होतं. टार्गेट पाच मीटरवर, त्याच्यावर कागद नाही. कागद असला की माणूस नेम धरतो आणि शरीर विसरतो, हे सरांनीच सांगितलं.

त्यांनी हात उचलला. फरा सरकला. खांदा जागेवर होता. दोरी हनुवटीखाली आली तेव्हा चेहरा असा निवांत झाला की मला एकदम डोळे पुसावेसे वाटले. बारा बाण. सगळे मोजून १९२ पाउंड, म्हणजे ८७ किलो. कुठेही कळ नाही. मी वहीत लिहीत होते.

शेजारच्या टार्गेटवर मोठी पोरं कंपाउंडने मारत होती, पन्नास पाउंडांची धनुष्यं, अंतर अठरा मीटर. फोमचा बट, म्हणजे बाण रुततात तो ठोकळा, नवीन होता, घट्ट. शिट्टी झाली, सगळे बाण काढायला गेले. एका मुलाने बाण शेपटीकडून धरून हिसका दिला. ‘अरे, मोडशील!’ म्हणत सर पुढे झाले. डावा तळवा कागदावर टेकवला, उजव्या हाताने बाण बटाला लागून धरला, जरा पिळला आणि कोपर मागे नेत जोरात उपसला. एक. मग दुसरा. तिसरा अडकला, तर पाय रोवून. पोरं बाजूला उभी राहून हात पसरत होती आणि सर त्यांच्या हातात बाण ठेवत होते.

मी वही बंद केली. कोपर अंगाच्या मागे, पिळासकट, हिसक्यासकट. उशीने सहा आठवडे जपलेली तीच जागा.

‘सर, हे दिवाळीतही करत होता?’

‘काय?’ त्यांना खरंच कळलं नाही. मग म्हणाले, ‘बाण काढायचं? हो, ते तर करावंच लागतं. ही पोरं वेडंवाकडं ओढतात. कार्बनचा बाण तडकला तर गेला. एकेका बाणामागे कुणाच्या तरी बापाची मजुरी असते, मॅडम.’

धनुष्याचं वजन मोजायला त्यांच्याकडे लटकवायचा काटा होता. मी तो मागून घेतला. बाण काढायला रबराची पकड असते, तिला दोरी बांधून काट्याला अडकवली आणि एका मोठ्या मुलाला ओढायला सांगितलं. काटा पंधरा किलोच्या पुढे गेला तेव्हा बाण सुटला. सरांच्या हातातलं धनुष्य होतं साधारण सात किलोचं. मी महिनोन्महिने सात किलोची भीती बाळगून होते, आणि दिवाळीच्या शिबिरात हा माणूस रोज शे-दीडशे वेळा त्याच्या दुपटीचा हिसका देत होता. त्यांना वाटत होतं, आपण बसूनच शिकवतोय. बाण काढणं ही तिरंदाजी थोडीच आहे? ते तर शेवटी सामान आवरणं.

मी दोरीचं विचारलं, त्यांनी दोरीचं उत्तर दिलं. खरं उत्तर दिलं.

मी तिथेच, पोरांच्या देखत, त्यांची माफी मागितली. पोरांच्या देखत मुद्दाम, कारण बोलले होते तेही चारचौघांत. सर गडबडले. ‘अहो, असू दे, असू दे,’ म्हणाले आणि लगेच विषय बदलून बटाकडे बघायला लागले. त्या ‘असू दे’चा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही. त्यांना लागलं होतं का, किती, हे त्यांनी ना तेव्हा सांगितलं ना नंतर.

त्या दिवशी तिथेच नियम बदलले. बाण पोरांनीच काढायचे, आणि कसे काढायचे ते सरांनी तोंडाने शिकवायचं. एक हात बटावर, बाण मुळाशी धरायचा, सरळ रेषेत ओढायचा, मागे कुणी उभं नाही हे बघायचं. बाणाच्या नळीला साबण लावला की बाण सहज सुटतो, हे एका मुलीने सांगितलं. ते सरांनाही माहीत होतं, पण एरवी गरज पडली नव्हती. भाताही बदलला. सरांचा भाता मागे कलणारा होता, बाण घेताना हात कमरेच्या मागे जायचा. आता पुढे कलणारा बांधलाय. लेट-डाउन, म्हणजे ओढलेली दोरी न सोडता परत आणणं, दिवसातून दोनपेक्षा जास्त नाही, कारण त्या परतीच्या वाटेवर फरा हमखास सुटतो.

आता सर २४ पाउंडांवर आहेत, छत्तीस बाण, एक दिवसाआड. पोटावरच्या परीक्षेत कोपर पुढे राहतं. त्यांना सत्तर मीटरवर जायचंय. तिथे १२२ सेंटिमीटरच्या कागदावर दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं असतं, आणि २४ पाउंडांवर एवढ्या लांब नीट मारता येत नाही. मला ते माहीत आहे, त्यांना माझ्याहून जास्त. ते विचारतात, मी ‘एक्सरेनंतर बघू’ म्हणते. एक्सरे पुढच्या महिन्यात. वाटीभोवती काळी रेघ दिसते का, म्हणजे वाटी सैल होतेय का, ते बघायचं. रेघ नसली तरी मी तीस पाउंडांना हो म्हणेन का, मला सांगता येत नाही. सांध्याची वर्षं जपायची, की त्याच वर्षांत त्यांना सत्तर मीटर द्यायचे? हे ठरवणारी मी कोण, असंही रात्री वाटतं.

परवा ग्राउंडवर गेले होते. शिट्टी झाली आणि सरांचा उजवा हात सवयीने बटाकडे गेला. दहा वर्षांची एक मुलगी मध्ये येऊन उभी राहिली. ‘सर, हात खिशात.’ सरांनी हात खिशात घातला आणि तिने पाय रोवून बाण उपसला.