ब्रश की बंदूक

जर्मन भाषांतर हा माझा पोटापाण्याचा धंदा. यंत्रांची माहितीपत्रकं, करारनामे, असलंच बहुतेक. पण अधूनमधून जुन्या हस्ताक्षराचं काम येतं, आणि त्याची मी वाट बघत असतो. कुरेंट म्हणतात त्या लिपीला. जर्मनांची मोडीच म्हणा ना.

त्या दिवशी पेन्सिल्वेनियातल्या लँकेस्टरकडच्या एका निवृत्त गृहस्थांनी चर्चच्या नोंदवहीचं एक पान पाठवलं होतं. त्यांचा एक पूर्वज अठराव्या शतकात तिथे लांब नळीच्या रायफली बनवायचा. धंदा थेट जर्मनीतून आलेला, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले. पुरावा हेच पान: त्या पूर्वजाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदा 'ब्युक्सनमाखर', म्हणजे बंदुका घडवणारा. मला फक्त सगळी नोंद उतरवून भाषांतर करून द्यायचं होतं.

उतरवायला बसलो आणि नेमका त्याच शब्दापाशी अडकलो. मधे दोन उंच अक्षरं शेजारी शेजारी. 'ब्युक्सन'मध्ये ती एच आणि लांब एस, म्हणजे एसचं जुनं उंच रूप. कुरेंटमधल्या एचचा फास ओळीच्या वरही जातो, खालीही. इथे पहिलं अक्षर खाली सरळ काठीसारखं उतरलेलं, फास नाहीच. दुसरं ओळीवरच थांबलेलं. म्हणजे एस आणि टी. ब्यूर्स्टनमाखर. ब्रश बनवणारा!

मोडीच्या वर्गात आमचे सर म्हणायचे, अक्षराशी भांडू नका, त्याच हाताने ते दुसरीकडे कसं काढलंय ते बघा. पान खाली सरकवलं. तीन नोंदींनंतर पाद्रीबाबांनी तारीख अक्षरांत लिहिली होती, 'जेक्स्टन', म्हणजे सहावी. एच, एस, टी तिन्ही एकाच शब्दात ओळीने उभे. एचला टपोरा फास. शंका उरली नाही.

रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल. गृहस्थांच्या अंगात कुटुंबमेळाव्याचा टी-शर्ट, छातीवर दोन रायफलींची फुली. मी दोन्ही शब्द मोठे करून दाखवले. ते बराच वेळ गप्प. मागून त्यांच्या बायकोचं हसू मात्र स्पष्ट ऐकू आलं.

"मग मुलगा शिकला कुठे?"

खरा प्रश्न हा होता. तिथले रायफली बनवणारे सगळेच काही जर्मनीतून कारागीर होऊन आले नव्हते. आंद्रेआस आल्ब्रेख्त थुरिंगियातल्या झुलजवळच्या त्सेलाचा, बंदुकांच्याच मुलखातला. 1750 मध्ये आला तो हुन्नर घेऊनच. पण लँकेस्टरचा नामांकित जेकब डिकर्ट 1740 साली जर्मनीत जन्मला आणि आठव्या वर्षी अमेरिकेत पोचला. आठ वर्षांचं पोर काय शिकून येणार? रायफलसुद्धा तिथेच बदलली. जर्मन शिकाऱ्यांची आखूड, तिशीच्या आसपास इंचांची नळी पेन्सिल्वेनियात चाळिशीपलीकडे गेली आणि भोक बारीक झालं.

या गृहस्थांचा पूर्वजही लहानपणीच आलेला. 1727 पासून फिलाडेल्फियात उतरणाऱ्या जर्मनांकडून राजनिष्ठेची शपथ घेत, पण ती सोळा वर्षांवरच्या पुरुषांकडून. त्यामुळे शपथेच्या यादीत बापाची सही आहे, पोराचं नाव नाही. आता तिकडचे शिकाऊ उमेदवारीचे करारनामे धुंडाळायला हवेत, असं मी सुचवलं.

त्यांनी मान हलवली आणि टी-शर्टकडे बघितलं. "चाळीस छापलेत," म्हणाले.

बिलाचा विषय मी त्या रात्री काढला नाही.