मोरीचा पाईप

महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत मी काम करतो. जुलैत ढग खिडकीतूनच आत शिरतात, कपडे वाळत नाहीत आणि आम्ही छतावरच्या यंत्रांनी ढगातले थेंब मोजत बसतो.

एका दुपारी घाटाखालच्या गावचे सरपंच थेट वर आले. ओढ्यावरची मोरी पुरात गेली होती. "साहेब, नव्या मोरीला पाईप केवढा घालू? पाऊस बदललाय म्हणतात ते खरं, का नुसत्या बातम्या?"

मी कार्बन डायऑक्साइडपासून सुरुवात केली. कारखाने येण्याआधी हवेच्या दहा लाख रेणूंत त्याचे 280 होते, आता 420 च्या वर आहेत. त्यांनी तिथंच अडवलं. "आमच्या चुलीचा धूरही असंल की त्यात."

शंका रास्त होती. पण सरपणात कार्बन-14 असतो, म्हणजे हळूहळू विघटन होत संपणारा किरणोत्सारी कार्बन. कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेल्या कोळशात आणि तेलात तो उरतच नाही. हान्स सूस या रसायनशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकातच झाडांच्या खोडांत मोजून दाखवलं, की हवेतल्या कार्बनमध्ये हा जुना, कार्बन-14 नसलेला कार्बन मिसळतोय.

"आणि सूर्यच तापला असंल तर?" तसं असतं तर स्थितांबर, म्हणजे ढगांच्याही वरचा हवेचा थर, तेही तापलं असतं. ते थंड होतंय.

इथवर मी ठाम होतो. घोडं अडतं ते ढगांपाशी. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल? अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या 1979 च्या चार्नी अहवालात उत्तर होतं 1.5 ते 4.5 अंश. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, 2021 च्या अहवालात ते बहुधा 2.5 ते 4 अंश आहे. चाळीस वर्षं खपून एवढंच! खालचे दाट ढग ऊन परतवतात, उंचावरचे विरळ ढग उष्णता अडवतात. हवा तापल्यावर कुठले किती घटतील याचा हिशेब अजून पक्का बसत नाही. त्यात धुराचे कण थेंब बारीक करून ढग आणखी पांढरे करतात, म्हणजे थोडी तापवाढ झाकूनही ठेवतात. मला विचाराल तर खरी मजा इथंच आहे, पण सरपंच घड्याळ बघायला लागले.

"पाईपचं बोला."

हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते, त्यामुळे पडला तर धो धो पडण्याकडे कल वाढतो, एवढं सांगितलं. तुमच्याच ओढ्याला किती, हा आकडा मात्र माझ्याकडे नाही.

"म्हणजे वाढणार हे नक्की, किती ते नाही." ते उठले. "मग नऊशे मिलिमीटरचा घालतो. सहाशेचा परत गेला तर लोक मला धरतील, तुम्हाला नाही. इंजिनियरला मात्र तुमचं नाव सांगतो हां."