मूर्तीखालचं लाकूड

कोल्हापूरला कलापूर म्हणायची रीत आहे. पण याच कलापुरात ब्राँझचा देखणा अर्धपुतळा घरात येतो आणि टीव्हीच्या शोकेसवर, रिमोटशेजारी जाऊन बसतो. रोमानियन शिल्पकार ब्रांकुशी आपल्या शिल्पांच्या बैठकाही स्वतः कोरायचा. इथे बैठकीची आठवण पुतळा घरी आल्यावर होते.

म्हणून जुन्या बाजारात बिननक्षीचं, सरळ चौकोनी सागवानी पेडस्टल, म्हणजे मूर्तीची उभी बैठक, दिसलं तर सोडू नये. वेलबुट्टीची पुष्कळ मिळतात. नक्षीत सुताराची चूक खपून जाते, सपाट फळीवर मात्र दोन मिलिमीटरचा फरकही डोळ्यांत खुपतो.

घेण्याआधी आडवं करून तळ बघावा. पिठासारखा ताजा भुसा गळत असेल तर कीड जिवंत आहे. मग बाजू बोटाने ठोकाव्यात. एखाद्याच जागी आवाज बदलला की तिथलं विनीअर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, सुटलंय. ते सरसाने, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याच्या जुन्या गोंदाने, चिकटवलेलं असेल तर बटर पेपरवरून कोमट इस्त्री फिरवावी आणि रात्रभर वजन ठेवावं. तेवढ्या भागाचं पॉलिश बहुधा परत करावं लागतं, कारण चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या पॉलिशला उष्णता सोसत नाही. घासायचं मशीन मात्र लांबच ठेवा. विनीअर जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर असतं. ‘नव्यासारखं करून देतो’ म्हणणाऱ्या उत्साही कारागिराला तेवढं उडवायला दोन मिनिटं पुरतात.

उंचीचा हिशेब नजरेवरून. उभ्याने बघायचं तर मूर्तीचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर हवा. पण घरात माणसं खुर्चीत बसून बघतात, तेव्हा नजर ११५च्या आसपास असते. ४० सेंमीच्या पुतळ्याला ९५चं पेडस्टल पुरे. पेडस्टलचा माथा मूर्तीपेक्षा चारी बाजूंनी पाच-सात सेंमी मोठा असावा, फार नको. कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममधली, इथल्याच ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती केवढीशी आहे! तिला चौरंगाएवढा माथा दिला तर ती हरवूनच जाईल.

पेडस्टल पोकळ असेल तर तळाशी दहा किलो वाळूची पिशवी ठेवावी, पोरांचा धक्का लागला तरी डुलत नाही. शहाबादी फरशीवर पाणसळ लावून, लाकडी पाचर देऊनच उभं करावं. मूर्तीखाली बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, घालावी. रबराचे डाग पॉलिशमध्ये उतरतात. पावसाळ्यात ओलीच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढावं. खरा वैरी मात्र रोजचा ओला पोछा. जुन्या चांगल्या कामात तळाची पट्टी पाच सेंमी आत घेतलेली असते, त्यामुळे फडकं थेट फळीच्या टोकाला लागत नाही. ती नसेल तर सुताराकडून बसवून घ्यावी.

आणि वर फुलदाणी नको. पाण्याचा पांढरा गोल डाग पॉलिशमध्येच असतो. स्पिरिटने जेमतेम ओलावलेला बोळा हलक्या हाताने फिरवला की बहुतेकदा जातो. डाग काळा असेल तर पाणी लाकडापर्यंत पोचलंय. मग पॉलिश उतरवून ऑक्झॅलिक ॲसिड लावायचं, हातमोजे घालून. नाहीतर पुतळा त्या डागावर सरकवायचा. बऱ्याच घरांत तेच केलेलं असतं.