देठाला धरायचं नाही

भोपळ्यांचा ट्रक शनिवारी सकाळी साडेआठला येणार, असं चर्चच्या पत्रकात छापलेलं असायचं. नऊ वर्षांत तो एकदाही साडेआठला आला नाही. हिरवळीवर तीस-चाळीस माणसं कागदी पेल्यातली कॉफी पीत, थंडीने पाय आपटत उभी असायची. ट्रक वळणावर दिसला की पेले टाकून सगळी रांगेला लागायची. बांधकामावर विटा हातोहात वर चढतात ना, तसे भोपळे हातोहात खाली यायचे. पहिल्या वर्षी माझ्याकडे एक आला तो मी सवयीने देठाला धरून उचलला. शेजारचे आजोबा जवळजवळ ओरडलेच, "देठाला धरायचं नाही!"

देठ तुटला की भोपळा तिथूनच सडायला लागतो, आणि बिनदेठाचा भोपळा मुलं विकतही घेत नाहीत. तान्ह्या मुलाला घ्यावं तसा खालून, दोन्ही हातांनी घ्यायचा. चर्चमध्ये मला मिळालेला पहिला उपदेश हा.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही कनेक्टिकटमध्ये, हार्टफर्डजवळच्या एका गावात राहत होतो. हार्टफर्ड म्हणजे विमा कंपन्यांचं शहर, आणि विमा कंपन्या म्हटलं की संगणकवाले आले, त्यांच्यामागून मराठी मंडळ आलं. घरापासून दोन गल्ल्यांवर दगडी भिंतींचं, लाल दरवाजांचं चर्च होतं. 'एपिस्कोपल चर्च आपलं स्वागत करते' अशी पाटी बाहेर. पहिलं वर्षभर मी त्या पाटीसमोरून भाजी घेऊन गेले आणि आले, आत पाऊल टाकलं नाही. आत नेलं ते मंडळाच्या दिवाळीने. शाळेचं सभागृह परवडेना, तेव्हा कोणीतरी चर्चच्या तळघरातल्या हॉलचं नाव सुचवलं. छोटं स्टेज, घडीच्या खुर्च्या, मोठं स्वयंपाकघर, भाडं बेताचं. सगळ्यांत जवळ मी राहत होते म्हणून किल्लीची जबाबदारी माझ्याकडे आली.

किल्ली असायची एका ऐंशीच्या पुढच्या बाईंकडे. रविवारच्या प्रार्थनेनंतरची कॉफीही त्याच बघायच्या. त्यांना सगळे पहिल्या नावाने हाक मारत. मला काही ते जमेना, म्हणून मी त्यांना मनात कॉफीकाकू म्हणायचे. भाडं मंडळ देत होतंच, पण किल्ली हातात ठेवताना काकू सहज विचारल्यासारखं विचारायच्या, "शनिवारी ट्रक येतोय. येशील का?" किल्ली अजून त्यांच्या हातात असताना नाही कसं म्हणणार?

भोपळे यायचे थेट न्यू मेक्सिकोतून, नवाहो या तिथल्या आदिवासी लोकांच्या जमिनीवर पिकलेले. अमेरिकेतली कितीतरी चर्च असे भोपळे मागवतात. आधी पैसे भरायचे नाहीत. विक्री होईल त्यातला हिस्सा चर्चला, बाकी पिकवणाऱ्यांकडे. मग महिनाभर पाळ्या लावून हिरवळीवर बसायचं. भोपळे ओल्या जमिनीवर टेकू द्यायचे नाहीत, लाकडी फळ्यांवर ठेवायचे, रात्री दव गोठायला लागलं की जुन्या चादरी पांघरायच्या, खारी हाकलायच्या. माझी पाळी मंगळवारी दुपारी. गिऱ्हाईक नसायचंच. समोरचा मेपल रोज थोडा थोडा लाल व्हायचा तो बघत मी ऊन खात बसायचे.

उरलेल्या भोपळ्यांचे घारगे करावेत असं एकदा डोक्यात आलं. हॅलोविनला कोरायचे मोठे भोपळे नुसते पाणीदार आणि दोरे-दोरे असलेले असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किसून गुळाबरोबर शिजवायला ठेवला तर पातेलंभर सूपच झालं. त्यात कणीक घालत गेले, घालत गेले, आणि शेवटी साठ-सत्तर घारगे झाले. चवीला बरे होते. रविवारी कॉफीबरोबर लोकांनी ते लोणी लावून खाल्ले, ते बघताना मला जरा कसंतरीच झालं, पण ताटली रिकामी झाली. दुसऱ्या वर्षी काकूंनी माझ्यासाठी लहान, गोड जातीचे चार भोपळे आधीच बाजूला काढून ठेवले. गंमत म्हणजे इतके भोपळे विकणारी ही मंडळी त्यांच्या 'पाय' या गोड पदार्थासाठी मात्र डब्यातला तयार गर आणायची.

ट्रकवर ओरडलेले आजोबा निवृत्त शिक्षक होते. एपिस्कोपल म्हणजे काय, हे मला त्यांच्याकडूनच कळलं, आणि दरवर्षी नोव्हेंबरात पुन्हा कळत राहिलं. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चची ही अमेरिकेतली शाखा. स्वातंत्र्ययुद्ध संपलं आणि पंचाईत झाली, कारण बिशप व्हायचं तर इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला हवी, आणि राजाशी तर नुकतं लढून झालेलं. कनेक्टिकटच्या धर्मगुरूंनी निवडलेले सॅम्युअल सीबरी शेवटी स्कॉटलंडला गेले, तिथल्या बिशपांना ती शपथ लागत नव्हती. १४ नोव्हेंबर १७८४ रोजी अॅबर्डीनमध्ये ते अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चचे पहिले बिशप झाले. आजोबा हे असं सांगायचे, जणू सीबरींना बोटीवर सोडायला ते स्वतः गेले होते.

मी पुण्याची. त्यांना सांगितलं, आमच्याकडेही तुमचं एक देऊळ आहे, गुरुवार पेठेत, पंचहौदपाशी, पवित्र नाम देवालय. अँग्लिकन मिशनऱ्यांनी बांधलेलं, १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे. त्याचं उंच घंटाघर मी लहानपणापासून बघत आले आणि आत एकदाही गेले नव्हते. त्याच पंचहौद मिशनमध्ये १८९० साली चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसकट कितीतरी जणांवर ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण, आलं होतं, हे ऐकून आजोबांनी हातातल्या कपाकडे बघितलं आणि विचारलं, "नुसत्या चहासाठी?"

त्या हॉलमधल्या चहावर ग्रामण्य यायलाच हवं होतं, पण ते चवीसाठी. तिथे शंभर कपांचं एक उभं, तोटीचं कॉफीचं भांडं होतं. पहिल्या दिवाळीला मंडळाने त्यातच चहा उकळला. वर्षानुवर्षांची कॉफी त्या भांड्याच्या अंगात इतकी मुरलेली होती, की आलं-वेलची घालूनही तो ना चहा होता ना कॉफी. दुसऱ्या दिवशी रविवारच्या कॉफीला आल्याचा वास आला म्हणे. पुढच्या वर्षीपासून मंडळाने आपली पातेली आणली.

खरा गोंधळ तिसऱ्या दिवाळीला झाला. स्टेजवर मुलांचा नाच चालू, स्वयंपाकघरात कोणीतरी दीडशे पानांच्या आमटीला लाल मिरच्यांची फोडणी दिली आणि धुराची घंटा वाजायला लागली. नियमच असा की घंटा वाजली की इमारत रिकामी करायची. नऊवारी नेसलेल्या चिमुरड्या मुली, पैठण्या, कुर्ते, सगळे कुडकुडत गाड्यांच्या तळावर. अध्यक्ष खजिनदारांकडे बघतायत, खजिनदार स्वयंपाकघराकडे. अग्निशमनाचा बंब आला. त्यातून उतरलेल्या माणसांपैकी एकाला मी ओळखलं, भोपळ्यांच्या रांगेत माझ्या पलीकडे तिसरा असायचा तो. त्याने आत जाऊन पातेल्यात डोकावून बघितलं, दोनदा शिंकला, आणि बाहेर येऊन म्हणाला, "सगळं ठीक आहे. वास छान आहे." बंबाबरोबर चकल्यांची पिशवी गेली. काकू काय म्हणतील याची मला रात्रभर धास्ती. त्या काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात शेगडीच्या वर त्यांच्या थरथरत्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली दिसली, इंग्रजी लिपीतली: 'फोडणीआधी खिडक्या उघडा.' शब्द त्यांनी कोणाकडून मिळवला कोण जाणे.

ऑक्टोबर उजाडला की प्राण्यांचा रविवार यायचा. ४ ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिसचा दिवस, त्याच्या आसपासच्या रविवारी लोक घरची जनावरं घेऊन यायची. मी बैलपोळा आणि वसुबारस बघून वाढलेली, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पाणी शिंपडायच्या तऱ्हेचं. रेक्टरबाई, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मगुरू, हिरवी डहाळी पाण्यात बुडवून कुत्र्या-मांजरांवर शिंपडायच्या. आमच्याकडे आंब्याची डहाळी, इतकाच फरक. एका मुलाने जॅमच्या बाटलीत मातीसकट गांडुळं आणली होती. बाईंनी प्रत्येक जनावराचं नाव विचारायचा त्यांचा रिवाज सोडला नाही. मुलगा म्हणाला, "नावं नाही ठेवली, खूप आहेत." बाईंनी गंभीरपणे बाटलीवर हात ठेवला आणि सगळ्यांना मिळून एकच आशीर्वाद दिला.

वर्गणीचाही मोसम हाच. पुढच्या वर्षी आपण किती देणार हे प्रत्येक कुटुंब शरदातच एका कार्डावर लिहून देतं, आणि त्यावर चर्चचा अर्थसंकल्प बसतो. आमच्या खजिनदारांनी हे ऐकलं आणि बराच वेळ गप्प बसले.

सहाव्या वर्षी श्रावणात अण्णा गेले. मला विमान मिळून पुण्याला पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. पंधरा दिवस राहून परतले. सर्वपित्रीला भावाने पान वाढलं, त्याचा फोटो पाठवला. मी मंगळवारी भोपळ्यांपाशी बसून तो बघितला. काकूंना कळलं असावं. दोन आठवड्यांनी त्यांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, त्यानंतरच्या रविवारी, वर्षभरात गेलेल्या माणसांची नावं प्रार्थनेत मोठ्याने वाचतात. "तुझ्या वडिलांचं लिही."

मी म्हटलं, आम्ही तुमच्या धर्माचे नाही. काकू म्हणाल्या, "पेन तिथे आहे."

अण्णांचं पूर्ण नाव लिहिलं. काकूंनी चष्मा वर करून विचारलं, हे एक माणूस आहे की दोन? मधलं नाव त्यांच्या वडिलांचं, असं सांगितल्यावर म्हणाल्या, "बरं, म्हणजे आजोबाही आले." अडचण पुढेच होती. अण्णांच्या नावात 'ज्ञ' आणि आडनावात 'ळ'. नाव नीट उच्चारता यावं म्हणून रेक्टरबाईंनी मला ते फोनवर बोलून पाठवायला सांगितलं. मी घरी दार लावून तीनदा बोलले, तिसऱ्यांदा आवाज नीट आला, तेच पाठवलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे करतात. फोन आपोआप बदलतात, स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ बदलत नाही, आणि मी जन्मभर भिंतीकडे बघून निघणारी. दहाच्या प्रार्थनेला नऊ वाजताच पोचले. लाल दरवाजा नुसता लोटलेला होता. आत दिवे नव्हते. मी दार ढकललं आणि माझाच आवाज ऐकू आला, अण्णांचं नाव घेणारा.

समोर वाचनाच्या टेबलापाशी भोपळेवाले आजोबा उभे होते. एका हातात कागद, दुसऱ्यात फोन. माझा आवाज वाजवायचे, थांबवायचे, मग स्वतः म्हणायचे. 'ळ'वर अडायचे. जीभ कुठे न्यावी ते कळत नव्हतं त्यांना. पुन्हा माझा आवाज, पुन्हा ते. रिकाम्या बाकांसमोर ऐंशीच्या घरातला तो माणूस अण्णांना हाका मारत होता असंच वाटत होतं. मी आत गेले नाही. पायरीवर येऊन बसले, थंडी होती, पण बसले. आतून किती वेळा नाव आलं ते मोजलं नाही.

दहा वाजता नावं वाचली गेली, प्रत्येक नावानंतर घंटेचा एक ठोका. 'ळ' पुरता जमला नाही, 'ल' आणि 'ड'च्या मध्ये कुठेतरी पडला. काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही, फक्त त्यांची पिशवी आमच्या दोघींच्या मधून उचलून पलीकडे ठेवली आणि जवळ सरकल्या.

त्याच महिन्यात टर्की वाटायच्या. मी शाकाहारी, आणि माझ्या हातात सात-सात किलोचे गोठलेले पक्षी. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी, पण वाटप त्याआधीच्या शनिवारीच व्हायला हवं. एवढी टर्की फ्रिजमध्ये सुटायला तीन-चार दिवस लागतात, बुधवारी दिली तर लोकांनी गुरुवारी दगड शिजवायचा का? पहिल्या वर्षी मी बटाटे-कांद्यांच्या पिशव्या भरायला मागून घेतल्या. त्या वर्षी, अण्णांच्या वर्षी, टर्कीच्या टेबलावर माणूस कमी होतं. काकूंनी मला लोकरीचे हातमोजे दिले. मी घातले. सवय अशी, की पहिली टर्की खालून, दोन्ही हातांनी उचलली. मागून आजोबा हसले.

परत येऊन आता चार वर्षं झाली. ऑक्टोबरचा उकाडा, मंडईत लाल भोपळ्याच्या फोडी, देठ बघायचाही प्रश्न नाही. काकूंना आता काठी लागते, किल्ली मात्र अजून त्यांच्याकडेच आहे. गेल्या शरदात त्यांचा निरोप आला, एका ओळीचा: ट्रक सव्वाअकराला आला.