७५ मिलिमीटरची लिफ्ट आणि टाय रॉडची ठकठक

मागच्या नोंदीत मी मोठ्या थाटात लिहिलं होतं की माझ्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीच्या लिफ्टचं, म्हणजे तिची उंची वाढवण्याचं, काम संपलं. नव्हतं संपलं. पहिल्याच दगडी चढावर, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि उजवं चाक दगडावर दाबलेलं असताना खालून 'ठक्' असा आवाज आला आणि स्टिअरिंग तिथेच अडलं. उतरून वाकून पाहिलं. डिफच्या (अ‍ॅक्सलमधल्या गिअरपेटीच्या) गार्डावरचा रंग बोटभर खरवडलेला, टाय रॉडवर (पुढची दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्यावर) चकचकीत ओरखडा.

दोष अर्थातच दगडाला दिला. घरी येऊन सपाट फरशीवर स्टिअरिंग पूर्ण वळवलं, तर तोच आवाज! म्हणजे सस्पेन्शनचा काही संबंधच नव्हता. गार्ड बसवल्यापासून मी एकदाही शेवटपर्यंत स्टिअरिंग वळवून पाहिलं नव्हतं, एवढंच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी गाडीची मांडणी सांगतो. पुढे सॉलिड (दोन्ही चाकांना जोडणारा अखंड) अ‍ॅक्सल, कॉइल स्प्रिंग, दोन रेडियस आर्म (अ‍ॅक्सलला पुढे-मागे धरणारे) आणि एक पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे धरणारा, एक टोक चेसिसवर, दुसरं अ‍ॅक्सलवर). स्टिअरिंग बॉक्स चेसिसवर उजवीकडे, तिथून ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा, डाव्या नकलला (चाकासोबत वळणाऱ्या सांध्याला) जाते. टाय रॉड अ‍ॅक्सलच्या पुढे. लिफ्ट ७५ मिमी, टायर ३३ इंची.

टाय रॉडचं गणित सोपं निघालं. नकलचा आर्म पुढे तोंड करून आहे आणि त्याची लांबी १५० मिमी. चाक सरळ असताना टाय रॉड सर्वात पुढे असतो, वळवत गेलं की कंसात मागे येतो. ३३ अंश वळवल्यावर तो सुमारे २४ मिमी मागे सरकतो. माझ्या गार्डात आणि रॉडमध्ये चाक सरळ असताना अंतर होतं २०. हे कागदावर दोन मिनिटांत कळलं असतं.

पण खरं दुखणं दुसरंच होतं आणि ते मी स्वतः ओढवून घेतलं होतं. लिफ्टनंतर ड्रॅग लिंक फार तिरकी दिसायला लागली, म्हणून घाईघाईने ड्रॉप पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्सवरचा, ड्रॅग लिंक ढकलणारा, जास्त खाली उतरलेला आर्म) लावला. लिंक छान आडवी झाली, फोटोही काढले. पॅनहार्ड मात्र तिरका तो तिरकाच राहिला. त्यानंतर प्रत्येक गतिरोधकावर स्टिअरिंग हातात आपोआप फिरायला लागलं. मी महिनाभर टायरच्या हवेला दोष देत होतो.

टेप घेऊन खाली झोपलो तेव्हा उलगडा झाला. पॅनहार्ड ८५० मिमी लांब. लिफ्टआधी त्याच्या दोन टोकांच्या उंचीत ६० मिमीचा फरक होता, आता १३५. अ‍ॅक्सल ५० मिमी वर गेला की या तिरकेपणामुळे तो साडेसहा मिमी डावीकडे ढकलला जातो. साधारण तेवढ्याच लांबीची, पण आडवी झालेली ड्रॅग लिंक तेवढ्याच उसळीत जेमतेम २ मिमी सरकते. उरलेले साडेचार मिमी कुठे जाणार? नकलच्या आर्मवर. १५० मिमीच्या आर्मवर तो हिशोब १.७ अंशांचा होतो. १७ पट गुणोत्तराच्या स्टिअरिंगवर हेच जवळपास ३० अंश! दोन्ही रॉड समांतर आणि सारख्या लांबीचे असले की ते एकाच तालात सरकतात आणि चाकाला काहीच कळत नाही. मी त्यातला एकच सरळ करून ठेवला होता.

वाटा दोन होत्या. मूळ पिटमन आर्म परत लावून दोन्ही तिरके ठेवायचे, किंवा पॅनहार्डचं अ‍ॅक्सलकडचं टोक उचलायचं. मी दुसरी वाट धरली, कारण त्यात रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) वर जातं आणि उंच गाडी वळणावर कमी झुकते. ६५ मिमी उंच ब्रॅकेट बनवून घेतला. उंच ब्रॅकेट म्हणजे तरफ लांब, म्हणून त्याला अ‍ॅक्सल ट्यूबवर तिरका आधारही जोडला. नुसता उभा ब्रॅकेट वेल्ड करून सोडला तर आज ना उद्या शिवण तडकणारच. गंमत म्हणजे लिफ्टनंतर अ‍ॅक्सल उजवीकडे जवळपास ९ मिमी सरकला होता, तो मधोमध आणायला मी पॅनहार्ड लांब केला होता. आता उंचीतला फरक ७० वर आल्यावर ती लांबी पुन्हा ८ मिमी कमी करावी लागली.

आता जे काम मी सुरुवातीलाच करायला हवं होतं ते केलं. चेसिस स्टँडवर, स्प्रिंग आणि शॉक दोन्ही बाहेर, अ‍ॅक्सलखाली जॅक, चाकं जागेवर. दर २५ मिमीला थांबून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग एक बाजू पूर्ण वर आणि दुसरी पूर्ण खाली, आणि पुन्हा तेच उलट. जिथे शंका वाटली तिथे मॉडेलिंग क्लेची गोळी चिकटवली. चपटी झाली की तिची जाडी म्हणजे तिथलं कमीतकमी अंतर. पूर्ण दिवस गेला, कंबर मोडली, पण यात सापडलं ते रस्त्यावर वर्षभरात सापडलं नसतं.

सर्वात मोठा धक्का शॉकने दिला. लिफ्टसाठीच्या लांब शॉकची बंद लांबीही जास्त असते. बंप स्टॉपला (अ‍ॅक्सलला वर जाताना अडवणाऱ्या रबराला) १२ मिमी बाकी असतानाच शॉक तळाला टेकत होता, म्हणजे प्रत्येक मोठा दणका शॉकच खात होता. बंप स्टॉपखाली ४० मिमीचा ठोकळा घातला. रबर दबण्याला जागा हवी, म्हणून नेमका १२ चालला नसता. आणि इथे अनपेक्षित लाभ झाला. नव्या पॅनहार्ड ब्रॅकेटच्या बोल्टचं डोकं पूर्ण उसळीत ड्रॅग लिंकला लागत होतं, ते लागणंच बंद झालं. अ‍ॅक्सल तिथपर्यंत पोहोचतच नाही. वर जाण्याची थोडी वाटचाल गेली, पण शॉक टिकलेला बरा.

टायर रेडियस आर्मला घासत होता. स्पेसर लावून चाक बाहेर काढायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. पण त्याने स्क्रब रेडियस (चाक वळण्याचा अक्ष जमिनीला मिळतो तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर) वाढतो, आणि आधीच जड असलेलं स्टिअरिंग आणखी ओढ खातं. मी स्टॉप बोल्ट फिरवून आणखी बाहेर आणला आणि लॉक, म्हणजे चाकाचं जास्तीत जास्त वळणं, ३० अंशांवर आणलं. वळणाचा घेर वाढला, अरुंद वाटेवर आता एकदा जास्त रिव्हर्स घ्यावा लागतो. त्या ३० अंशांत टाय रॉड २० मिमीच मागे येतो. गार्डाची पुढची पट्टी कापून पुन्हा वेल्ड केल्यावर सरळ अंतर ३२ झालं, म्हणजे लॉकवर १२ शिल्लक. टाय रॉड नकलच्या वर घ्यायचा विचारही केला होता, पण त्यासाठी शंकूच्या आकाराचं भोक वरून नव्याने घडवावं लागतं. ते माझ्या हातचं काम नाही.

डाव्या बाजूची ब्रेक होज पूर्ण खाली आणि उलट लॉकवर ताठ होत होती. तिचा ब्रॅकेट ३० मिमी खाली घेतला.

कास्टरही (चाक वळण्याच्या अक्षाचा मागचा कल) मोजला, भरला जेमतेम १ अंश. रेडियस आर्म ९०० मिमीचा, त्यामुळे ७५ मिमी लिफ्टला अ‍ॅक्सल पावणेपाच अंश पुढे कलंडतो. ऑफसेट बुश (भोक मध्यापासून सरकलेले) घालून ३ अंश परत मिळवले. वळणानंतर स्टिअरिंग आता आपणहून सरळ होतं. कास्टर कमी असला की गाडी भरकटते. स्टिअरिंगचा डॅम्पर (झटके शोषणारा) बदलून हा आजार झाकता येतो, बरा होत नाही.

शेवटी स्टिअरिंग व्हील सरळ केलं, तेही बॉक्स मधोमध ठेवून ड्रॅग लिंकच्या अ‍ॅडजस्टरने. व्हील उपटून दुसऱ्या दातावर बसवायचं नाही. टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत) २ मिमी. पॅनहार्डचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच कसले, नाहीतर रबर बुश कायम पिळलेले राहतात. कॅसल नटची (खाचांच्या नटाची) खाच पिनच्या भोकाशी जुळली नाही तर नट पुढेच कसायचा, ढिला करून स्प्लिट पिन घालायची नाही.

५० किलोमीटर चालवून सगळे बोल्ट पुन्हा तपासले, एकच पाव वळसा फिरला. तोच गतिरोधक, तोच वेग, स्टिअरिंग हातात गप्प. मात्र कास्टरसाठी अ‍ॅक्सल मागे कलवल्यामुळे पिनियनचं (डिफच्या ज्या गिअरला प्रॉपेलर शाफ्ट जोडतो त्याचं) तोंड खाली गेलंय आणि फोर व्हील ड्राइव्ह लावल्यावर पुढच्या प्रॉपेलर शाफ्टमधून बारीक थरथर जाणवते. कोन मापून ठेवलेत. पुढची नोंद त्यावरच.